म्हशीच्या शिंगाच्या तीन मुठी

इसिडोर परेरा आमच्या मरोळ गावठाणात माझ्या घराच्या मागे राहतो. त्याची कामाची खोली आणि माझी स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढीच गल्ली आहे. त्यामुळे तो कधी काय करतो हे मला न विचारता कळतं. पितळ कापलं की दातांत कळ येईल असा आवाज होतो. लाकूड घासलं की ओट्यावर बारीक धूळ बसते. शिंग घासलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि मी खिडकी लावून घेते. दूध उशिरा आलं, पाणी गढूळ आलं, तसं हेही मी डायरीत एका ओळीत लिहिते. शाळेत सिस्टर रोज संध्याकाळी पाच ओळी लिहून घेत असत. ती सवय राहिली.

इसिडोर बहात्तर वर्षांचा आहे. इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याने चौतीस वर्षं नोकरी केली. पण लोक त्याला ओळखतात ते सुऱ्यांना मुठी बसवणारा म्हणून. हे काम त्याच्या बापाचं. बाप शिकार करणाऱ्या बड्या लोकांच्या सुऱ्यांना मुठी करून देई. शिकार बंद झाली तशी ती गिऱ्हाइकं गेली, मग बापाने खाटकांच्या आणि मासे कापणाऱ्या बायकांच्या सुऱ्या धरल्या. नोकरी सांभाळून इसिडोरनेही तेच केलं.

मूठ म्हणजे पात्याला लावलेला लाकडाचा तुकडा, असं मी एकदा म्हटलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने मला समजावून सांगितलं. जी सुरी मिटत नाही, तिचं पातं मुठीपाशी संपत नाही, ते मुठीच्या आतपर्यंत जातं. त्या आतल्या भागाला तो शेपूट म्हणतो. शेपूट बारीक असेल तर अखंड शिंगाला भोक पाडून ती आत घालायची आणि मागच्या टोकाला पितळेच्या टोपीवर ठोकून पक्की करायची. शेपूट मुठीएवढीच रुंद असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या एपॉक्सीने चिकटवायच्या आणि आरपार पितळेच्या रिवेटा मारायच्या. हा दुसरा प्रकार बघायला सोपा वाटतो. पण त्यात पोलादाची कड आणि शिंगाची कड एका रेषेत यावी लागते. बोट फिरवलं की काम कसं झालंय ते लगेच कळतं.

शिकारी सुरीला सांबराच्या शिंगाची मूठ सगळ्यात शोभते असं जुने लोक म्हणत. ती खरखरीत असते, ओल्या हातातून निसटत नाही. पण सांबराचं शिंग विकणं आणि घेणं कायद्याने बंद आहे. एकदा एक माणूस पिशवीत घालून ते घेऊन आला होता. इसिडोरची बायको ल्युसी हिने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "पुलिस काय तुजा मामा हाय? आमाला या वयात जेलात जायाचा नाय," ती म्हणाली. इसिडोर शिसम वापरतो, उंटाचं हाड वापरतो, आणि सर्वांत जास्त म्हशीचं शिंग. शिंगाच्या पट्ट्या कापायच्या, उकळत्या पाण्यात मऊ करायच्या, दोन लोखंडी प्लेटांमध्ये दाबून सपाट करायच्या आणि मग स्वयंपाकघरात चुलीच्या वर तारेला टांगून सहा महिने वाळवायच्या. ही रीतही बापाचीच.

तीन वर्षांपूर्वी मुलुंडचे विद्याधर कर्णिक त्याला शोधत आले. ते निवृत्त इंजिनियर आहेत आणि शिकारी सुऱ्या जमवतात. त्यांनी स्वतः कधी शिकार केली का, असं ल्युसीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी शाकाहारी आहे हो." त्यांना बारा सुऱ्यांचा एक संच करून हवा होता, सगळा मुंबईतल्या कारागिरांकडून. येत्या जानेवारीत मुलुंडच्या एका सभागृहात तो प्रदर्शनात मांडायचा होता. प्रत्येक सुरीखाली एक पाटी लागणार होती: पातं कोणी घडवलं, मूठ कोणी बसवली.

पाती गोवंडीच्या चंद्रप्रकाश मेस्त्रीची. तो मूळचा कुडाळकडचा, पंचेचाळीशीचा. नारळ सोलायचे कोयते आणि खाटकांचे सुरे हा त्याचा रोजचा धंदा. त्याच्या हातच्या वस्तूवर आजवर कोणी त्याचं नाव लिहिलं नव्हतं. पाटीचं कळल्यावर त्याने विद्याधरांना दोनदा फोन करून विचारलं की नाव नक्की येणार ना.

गेल्या वर्षी जुलैअखेर सात सुऱ्या पूर्ण झाल्या. पाच पाती घडवायची बाकी होती. यंदा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विद्याधर सातांपैकी तीन सुऱ्या फडक्यात गुंडाळून मरोळला आले. मीही तेव्हा ल्युसीकडे बसले होते.

तिन्हींच्या मुठी म्हशीच्या शिंगाच्या. पोलादाची कड शिंगाबाहेर आली होती. रिवेटीपासून कडेपर्यंत केसासारखी चीर गेली होती. एका मुठीला दोन चिरा होत्या.

इसिडोरने चश्मा लावला, सुऱ्या फिरवून बघितल्या आणि लगेच म्हणाला, "भोकं. शेपटीची भोकं वाकडी पाडलीत. रिवेट तिरकी बसली, तिने शिंग फाडलं."

"म्हणजे चंद्रप्रकाशची चूक?"

"भोकं तो पाडतो. मी नाय."

विद्याधर म्हणाले, "पाच पाती मग दुसरीकडून यंत्रावर कापून घेतो. पाटीवर त्याचं नाव घालणंही बरं दिसणार नाही." सुऱ्या परत गुंडाळून ते गेले. त्या दिवशी इसिडोर जेवला नाही असं ल्युसीने मला नंतर सांगितलं. मला त्याचं कारण तेव्हा कळलं नाही.

विद्याधरांकडून सगळं कळल्यावर चौथ्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाश आला. हातात एक बिनमुठीचं पातं, एक पोलादी सळई आणि काटकोन तपासायचा गुण्या. तो बाहेरच उभा राहिला.

"या, चाय घ्या," ल्युसी म्हणाली.

"मी हंय गजाली मारूक येवक नाय, आंटी." मग इसिडोरकडे वळून तो म्हणाला, "अंकल, ही सळई भोकात घाला. आता गुण्या लावा. उजेड दिसतो का मधून?"

इसिडोरने गुण्या लावला. उजेड दिसत नव्हता.

"हा ह्या पात्याचा झाला," इसिडोर म्हणाला. "त्या तीनचा काय?"

"सगळी भोकं एकाच साच्यात घालून पाडलीत. सात पाती, एक साचा. चार चांगली आणि तीनच वाकडी? साचा काय दारू पिऊन आला होता?"

"मग शिंग काय माज्यावर रुसून फाटला?"

"ते तुम्ही बघा. शिंग तुमचं." त्याने सळई आणि गुण्या पिशवीत घातले. "मला पाती गेल्याचं काही नाही. माझ्याकडे कोयत्यांचं हवं तेवढं काम आहे. पण माझं नाव तुम्ही पुसलंत, न बघता. फोन करा त्यांना. एवढंच सांगायला आलो."

तो गेला. इसिडोरने फोन केला नाही. आठवडाभर त्याच्या खोलीतून कसलाच आवाज आला नाही.

नंतरच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो चर्चच्या फाटकाशी माझी वाट बघत थांबला होता.

"यव्होनबाय, तू सगळा लिवतेस ना? मी शिंग कवा घासला ते पण?"

"वास आला तर लिहिते."

"मग गेल्या वर्साचा काढून बघ. कुठली मूठ कवा केली, मला आटवत नाय."

दुपारी तो माझ्याकडे आला आणि मी डायरी काढली. शिंगाचा वास मी सात वेळा लिहिला होता; खाटकांच्या मुठी त्या वर्षी शिसमाच्याच झाल्या होत्या. नऊ फेब्रुवारी, दोन मार्च, सोळा मार्च, पाच एप्रिल. मग अठ्ठावीस जून, नऊ जुलै आणि एकवीस जुलै. तारखा नाही तरी मुठींचा क्रम इसिडोरला आठवत होता: पहिल्या चार तारखांच्या शाबूत होत्या. शेवटच्या तीन फुटल्या होत्या.

"पाऊस," मी म्हटलं.

"पाऊस दरवर्सी येतो, बाय. बापूस पण पावसात मुठी करायचा. एक नाय फुटली."

मी मधली पानं त्याला वाचून दाखवली. पाच एप्रिल ते अठ्ठावीस जून यांत त्याच्या घराविषयी एकच नोंद होती. बारा जून: ल्युसीने आजपासून कारखान्यातल्या अकरा माणसांचे डबे सुरू केले, सकाळी पाचला उठते, भाताच्या वाफेने माझ्या खिडकीची काचसुद्धा ओली.

इसिडोर उठला आणि घरी गेला. थोड्या वेळाने मीही गेले. तो स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीसमोर वर बघत उभा होता. शेगडीवर भाताचा मोठा टोप होता. टोपाच्या बरोब्बर वर तार होती आणि तारेला शिंगाच्या सहा पट्ट्या टांगलेल्या होत्या.

बापाच्या वेळी त्या जागी लाकडाची चूल होती. दिवसभर जाळ आणि धूर. भर पावसातही शिंग कोरडं राही. चूल गेली, तिच्या जागी गॅस आला, पण तार तिथेच राहिली आणि इसिडोर तिला शिंग टांगत राहिला. दोन माणसांच्या स्वयंपाकाला ते खपून गेलं. अकरा डब्यांच्या भाताला खपलं नाही. शिंग वाफ पिऊन फुगलं, आणि फुगलेलं शिंग त्याने पोलादाच्या कडेला घासून अगदी बरोबर बसवलं.

"काय झाला?" ल्युसीने विचारलं.

"तुज्या भातानं माज्या मुठी फोडल्या."

"आता माजा भात पण गुन्हेगार! त्या लोहाराचा झाला, आता माजा नंबर. शिंग टोपावर कोणी टांगला? मी? केस पडतात म्हणून मी किती वेला बोलली, ती तार काढ, ती तार काढ."

इसिडोरने तारेवरची एक पट्टी काढून ल्युसीच्या मसाल्याच्या काट्यावर ठेवली. एक्केचाळीस ग्रॅम. ती पट्टी त्याने कपाटात ठेवली आणि आत पिवळा बल्ब लावून ठेवला, जसा आम्ही पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून लावतो. बारा दिवसांनी तीच पट्टी अडतीस ग्रॅम भरली. रुंदीलाही कमी झाली होती. कॅलिपर लावून त्याने ते मला दाखवलं.

आता शंका राहिली नव्हती. तरीही चार दिवस त्याने विद्याधरांना फोन केला नाही. जानेवारीच्या पाट्या छापायला जायच्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापाचं आणि त्याचं मिळून साठ-सत्तर वर्षांचं नाव होतं, आणि ते एका टोपाच्या वाफेपायी जाणार होतं. पाचव्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात आला.

"मुलुंडला चल. तुजी वही घे. मी बोलायला लागलो की भलताच कायतरी बोलीन."

रिक्षाने पवईवरून आम्ही गेलो. विद्याधरांच्या सुऱ्या एका वेगळ्या खोलीत आहेत. काचेची कपाटं, एसी चालू, आणि कोपऱ्यात हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र. त्यातलं साठलेलं पाणी त्यांची सून रोज बादलीत ओतते. त्या खोलीत माझे ओठ दहा मिनिटांत सुकले. इसिडोर त्या यंत्राकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे पोलादासाठी," विद्याधर म्हणाले. "नाहीतर मुंबईत आठ दिवसांत गंज धरतो."

"बरोबर हाय. पोलाद सुकला नाय, शिंग सुकला," इसिडोर म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. बापाची चूल, गॅस, भात, एक्केचाळीस ग्रॅम, अडतीस ग्रॅम. मध्ये एकदा त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी तारखा वाचल्या. वहीची फारशी गरज पडली नाही.

विद्याधरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण भोकांविषयी तुम्ही खात्रीने बोलला होतात."

"मी बघितला नव्हता. तसाच बोललो."

"का?"

"बोट दुसऱ्याकडे करणं सोपा होता."

"आजवर खाटकांच्या सुऱ्यांचं असं कधी झालं नाही?"

"त्या सुऱ्या रोज पाण्यात असतात, साहेब. त्यांना कोण एसीत ठेवतो? मुंबईत कायच सुकत नाय. मी पण कवा विचार नाय केला."

विद्याधर हसले, पण थोडंच. चंद्रप्रकाशचं नाव पाटीवर परत घालतो आणि उरलेली पाती त्याने घेतली तर त्यालाच देतो, असं त्यांनी सांगितलं. मुठींचं मात्र वेगळं होतं. प्रदर्शनाला दोन महिने राहिले होते. बोरिवलीला एक जण कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेल्या तयार पट्ट्या यंत्रावर बसवतो. त्या ना फुगतात, ना सुकतात. फुटलेल्या तीन आणि उरलेल्या पाच, आठही मुठी त्याच्याकडे द्यायच्या असं ठरलं. "राग मानू नका," ते म्हणाले.

"राग कसला. त्या तीन सुऱ्या मला दोन दिवसांसाठी द्या. चंद्रप्रकाशला दाखवायच्या हायत."

विद्याधरांनी त्या फडक्यात गुंडाळून दिल्या. आणि नवी पाती चंद्रप्रकाश घेईल का, हेही विचारून या, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने घाटकोपर आणि तिथून रिक्षाने गोवंडी. चंद्रप्रकाशची भट्टी एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. बाहेर कोयत्यांचा ढीग पडला होता. आम्हाला बघून त्याने भट्टीचा पंखा बंद केला, पण बसा म्हणाला नाही.

इसिडोर उभ्याउभ्याच बोलला. "चूक माजी हाय. शिंग ओला होता. तुजी भोकं सरळ हायत. काल मी साहेबांना सांगून आलो. पाटीवर तुजा नाव येतं."

"फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"फोनवर तू कट केला असतास."

"केला असता," चंद्रप्रकाश म्हणाला. मग त्याने एक स्टूल माझ्याकडे आणि एक इसिडोरकडे सरकवलं. "आणि उरलेली पाती?"

"तू घेशील तर तुजीच. मुठी माज्या नाय. बोरिवलीला यंत्रावर करणार. ह्या तीन पण उद्या तिथंच जातील."

चंद्रप्रकाशने फडकं उलगडून चिरा बघितल्या. "ह्या मुठी काढणार कोण?"

"तोच बोरिवलीवाला."

"म्हणजे रिवेटीवर ड्रिल मारणार. सरकलं, की भोक मोठं. पातं बाद. नाही, ते मला चालणार नाही. नवीन मुठी त्याला बसवू देत, कागदाच्या बसवू देत नाहीतर कापडाच्या. पण ह्या काढायच्या तुम्ही. इथे. माझ्यासमोर."

"माजे हत्यार नाय आणले."

"माझी आहेत ना. हे लोहाराचं दुकान आहे, अंकल, केस कापायचं नाही."

इसिडोरने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पहिली सुरी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात फडकं लावून आवळली. रिवेटीचं डोकं ड्रिलने न खाता कानशीने घासून काढलं, मग बारीक पंच लावून हलके हलके ठोके देत ती मागून बाहेर काढली. तीन रिवेटांना पाऊण तास लागला. चंद्रप्रकाशने त्या वेळात दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. शेवटी इसिडोरने पातळ लोखंडी पट्टी शिंगाखाली सरकवली आणि एक झटका दिला. शिंग चिरेवर दुभंगून दोन तुकड्यांत निघालं.

खाली शेपटीचं पोलाद स्वच्छ होतं. एपॉक्सी खरवडून इसिडोरने भोकात सळई घातली आणि गुण्या मागितला. चंद्रप्रकाशने दिला नाही.

"मला कशाला दाखवता? मला माहीत आहे. साहेबांना फोटो पाठवा."

"मला फोटो पाठवता येत नाय."

चंद्रप्रकाशने गुण्या दिला आणि स्वतःचा मोबाइल काढला. "जरा बाजूला व्हा, सावली पडतेय. आणि हात काढा मधून."

"हात राहू दे," इसिडोर म्हणाला. "मूठ कोणाची होती ते त्यांना कळू दे."

चंद्रप्रकाशने हातासकट फोटो काढला. मग दुसरी सुरी उचलून व्हाइसमध्ये आवळायला इसिडोरकडे दिली.